डॉक्टरांचा दाखला : प्रत्यक्ष तपासणी आणि दूरस्थ सेवा

मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याला डॉक्टरकडून औषध हवे असते, हे उघडच आहे. परंतु पुष्कळदा औषधाइतकीच एका कागदाचीही गरज पडते. कामावरील गैरहजेरीचे कारण, परीक्षेस बसता न आल्याचा पुरावा, न्यायालयात उपस्थित राहण्यापासून सवलत, वाहन चालविण्याचा परवाना, अपंगत्वाच्या सवलती, अशा अनेक बाबींसाठी डॉक्टरच्या सहीचे पत्र मागितले जाते. बोलीभाषेत त्याला ‘डॉक्टरचा दाखला’ म्हणतात. कचेरीत त्याचे नाव ‘मेडिकल सर्टिफिकेट’ असे पडते. औषधाचा परिणाम रोग्याच्या शरीरावर होतो, तर दाखल्याचा परिणाम त्याच्या पगारावर, शिक्षणावर आणि हक्कांवर होतो. म्हणून दाखला खरा असणे आणि तो गरजूला वेळेवर मिळणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

गेल्या काही वर्षांत हा दाखला ऑनलाइन मिळविण्याची सोय पुढे आली आहे. रोग्याने घरबसल्या माहिती भरावी, डॉक्टरशी दूरध्वनीवर अथवा चित्रसंभाषणाने बोलावे आणि सही केलेले पत्र आपल्या मोबाइलवर उतरवून घ्यावे, असे तिचे साधारण स्वरूप असते. या सोयीमुळे अंतराची अडचण दूर होते. पण त्याचबरोबर तपासणीवाचून दाखला विकण्याची वाटही मोकळी होते. या दोहोंतील सीमारेषा कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रायपूर आणि त्याचा परिसर

या प्रश्नाच्या अभ्यासास छत्तीसगढची राजधानी रायपूर हे योग्य ठिकाण आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळे न्यायालये, शाळा, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूरला राजधानीचा मान मिळाला. पंडित जवाहरलाल नेहरू स्मारक वैद्यकीय महाविद्यालय येथे १९६३ मध्ये स्थापन झाले. त्याला जोडलेले डॉ. आंबेडकर रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘मेकाहारा’ या नावाने परिचित आहे. २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची रायपूर शाखाही कार्य करीत आहे.

म्हणजे शहरात मोठी रुग्णालये आहेत. पण राज्याचा मोठा भाग जंगलाने व डोंगरांनी व्यापलेला आहे. बस्तरचे जगदलपूर रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे आणि त्याच्याही पलीकडे सुकमा व विजापूर हे जिल्हे आहेत. विशेषज्ञाच्या सहीसाठी तेथून राजधानीस यावयाचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते, शिवाय गाडीभाडे वेगळे. दुसऱ्या बाजूला रायपूरलगत उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. तेथील कामगाराला दवाखाना जवळ असला, तरी तापाच्या दिवशी रांगेत तासन् तास उभे राहणे कठीण जाते. एकास अंतर आड येते, दुसऱ्यास वेळ. दूरस्थ सेवेचे आकर्षण दोघांनाही वाटते, यात नवल नाही.

दाखला म्हणजे साक्ष

दाखल्याचे स्वरूप नीट समजून घेतले, तर पुढील बऱ्याच शंका आपोआप दूर होतात. औषधपत्र हा डॉक्टरने रोग्याला दिलेला सल्ला असतो. त्यात मुख्यतः त्या दोघांचाच संबंध येतो. दाखला मात्र तिसऱ्याच कोणास उद्देशून लिहिलेला असतो. हा तिसरा कोणी म्हणजे मालक, मुख्याध्यापक, न्यायाधीश किंवा सरकारी अधिकारी. त्याने रोग्यास तपासलेले नसते आणि तपासण्याचे ज्ञानही त्याच्यापाशी नसते. तो डॉक्टरच्या शब्दावर विसंबून निर्णय घेतो. म्हणून दाखला ही एक लेखी साक्ष आहे. साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच सांगावे, हा साक्षीचा पहिला नियम दाखल्यालाही लागू पडतो.

ही साक्ष कोणी द्यावी, हे ठरविण्यासाठीच वैद्यांच्या नोंदणीची पद्धत उपयोगी पडते. मुंबई प्रांतात १९१२ मध्ये आणि मध्य प्रांतात, ज्यात त्या वेळी रायपूर होते, १९१६ मध्ये वैद्यकीय नोंदणीचे कायदे झाले. पुढे १९३३ आणि १९५६ च्या कायद्यांनी अखिल भारतीय वैद्यकीय परिषदेची घडण झाली, आणि २०१९ च्या कायद्यानुसार सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तिची जागा घेतली. डॉक्टरचे नाव नोंदवहीत असणे म्हणजे त्याच्या सहीला वजन असणे. आणि ते नाव काढून टाकण्याचा अधिकार परिषदेकडे असणे म्हणजे त्या सहीला जबाबदारी असणे. वजन आणि जबाबदारी या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

डॉक्टरांच्या आचरणाविषयीचे विनियम २००२ मध्ये जारी झाले. त्यांच्या जागी नवे विनियम ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले. या विनियमांत दाखल्याविषयी काही स्पष्ट सूचना आहेत. प्रत्येक डॉक्टरने दिलेल्या दाखल्यांची एक नोंदवही ठेवली पाहिजे. दाखल्यावर रोग्याची सही किंवा अंगठा, त्याचा पत्ता आणि शरीरावरील निदान एक ओळखखूण नमूद केली पाहिजे. दाखल्याची प्रत स्वतःपाशी ठेवली पाहिजे. आपला नोंदणी क्रमांक औषधपत्रावर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवरही लिहिला पाहिजे. खोटा, दिशाभूल करणारा किंवा अयोग्य दाखला आपल्या सहीने देणाऱ्याचे नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते.

रजेच्या दाखल्याचा नमुना या विनियमांना जोडलेला आहे. अर्जदाराने डॉक्टरच्या समोर सही करावी. डॉक्टरने काळजीपूर्वक तपासणी केल्यानंतर रोगाचे नाव लिहावे. आणि प्रकृती पूर्ववत होण्यास किती दिवसांची गैरहजेरी अत्यावश्यक आहे ते तारखेसह सांगावे, असा त्याचा आशय आहे. ‘समोर सही’ आणि ‘तपासणीनंतर’ हे त्यातील दोन कळीचे भाग होत. हा नमुना तयार झाला तेव्हा प्रत्यक्ष भेट गृहीत धरलेली होती, हे त्यावरून दिसते.

कायद्याचा धाक केवळ डॉक्टरलाच आहे असे नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ नुसार खोटे प्रमाणपत्र जाणूनबुजून देणे हा अपराध आहे. आणि कलम २३५ नुसार असे प्रमाणपत्र खोटे असल्याचे माहीत असूनही ते खरे म्हणून वापरणे हाही अपराधच आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हीच तरतूद कलम १९७ आणि १९८ मध्ये होती. दाखला विकत घेणाऱ्याने ‘सही तर डॉक्टरची आहे’ असे म्हणून सुटका करून घेता येत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

दूरवैद्यकाचा प्रवेश

दुरून रोगी तपासण्याची कल्पना अगदी नवी नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने या शतकाच्या आरंभीच उपग्रहाच्या साहाय्याने दूरच्या रुग्णालयांना मोठ्या रुग्णालयांशी जोडण्याचे काम हाती घेतले होते. तथापि दूरध्वनीवरून दिलेल्या सल्ल्याचे कायदेशीर स्थान दीर्घकाळ संदिग्ध राहिले. २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका प्रकरणात, डॉक्टर जागेवर नसताना दूरध्वनीवरून औषध सांगितले गेले आणि पुढे रोगी दगावला. मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर देशभरातील डॉक्टरांना दूरध्वनीवर सल्ला देणे धोक्याचे वाटू लागले.

ही संदिग्धता महामारीच्या काळात दूर झाली. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती २००२ च्या विनियमांना जोडण्यात आली. या तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर चित्रसंभाषण, ध्वनिसंभाषण किंवा लेखी संदेश यांपैकी कोणत्याही मार्गाने सल्ला देऊ शकतो. डॉक्टर व रोगी या दोघांनाही एकमेकांची ओळख पटलेली असावी लागते; निनावी सल्लामसलत चालत नाही. काही औषधे दुरून लिहून देण्यास मनाई आहे. अंमली व मनोव्यापारांवर परिणाम करणारी नियंत्रित औषधे त्यांत मोडतात. यंत्रबुद्धीने डॉक्टरला साहाय्य करावे, पण सल्ला अथवा औषध स्वतः देऊ नये, असेही बंधन आहे. सेवा पुरविणाऱ्या संस्थेने आपल्याकडील डॉक्टर खरोखर नोंदणीकृत आहेत की नाहीत, याची खात्री केली पाहिजे.

या तत्त्वांतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे निर्णयाचा अधिकार. दुरून झालेली विचारपूस पुरेशी आहे की रोग्याला प्रत्यक्ष बोलावणे आवश्यक आहे, हे डॉक्टरने आपल्या व्यावसायिक विवेकाने ठरवावयाचे असते. मध्येच संभाषण थांबवून ‘आपण दवाखान्यात या’ असे सांगण्याची त्याला मुभा आहे. ज्या सेवेत पैसे भरताच दाखला मिळण्याची हमी दिली जाते, त्या सेवेत डॉक्टरचा हा अधिकार आधीच विकला गेलेला असतो. एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावयास हवी. मार्गदर्शक तत्त्वांबरोबर औषधपत्राचा नमुना दिलेला आहे. रजेच्या दाखल्याचा नमुना मात्र २००२ च्या विनियमांतलाच आहे. त्यामुळे औषध दुरून लिहिता येते म्हणून दाखलाही तितक्याच सहजपणे देता येतो, असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

सरकारी पातळीवर ‘ई-संजीवनी’ ही सेवा मोहाली येथील प्रगत संगणन विकास केंद्राने तयार केली. आरोग्य केंद्रातून मोठ्या रुग्णालयाशी संपर्क साधण्याचा तिचा भाग नोव्हेंबर २०१९ मध्ये, तर घरून थेट डॉक्टरशी बोलण्याचा भाग एप्रिल २०२० मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यामार्फत झालेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली होती. या दोन भागांतील फरक दाखल्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. घरून बोलणाऱ्या रोग्याच्या बाबतीत डॉक्टरपाशी केवळ त्याचे शब्द आणि चेहरा असतो. आरोग्य केंद्रातून बोलणाऱ्या रोग्याजवळ मात्र प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी असतो. तो ताप मोजतो, रक्तदाब घेतो, साधी रक्ततपासणी करतो आणि रोग्याची ओळखही पटवितो. छत्तीसगढमध्ये २००२ पासून गावोगावी कार्य करणाऱ्या ‘मितानिन’ या महिला आरोग्य कार्यकर्त्या रोग्याला अशा केंद्रापर्यंत आणतात. दूर बसलेल्या डॉक्टरला अशा रीतीने निदान हात आणि डोळे तरी उसने मिळतात.

सहीचे रूप

कागदावरील सही आणि पडद्यावरील सही यांत भेद आहे, आणि पडद्यावरील सह्यांमध्येही पुन्हा दोन प्रकार आहेत. सहीचे छायाचित्र पत्रावर चिकटविणे हा पहिला प्रकार. असे छायाचित्र कोणासही उचलून दुसऱ्या कागदावर लावता येते. त्यामुळे पुरावा म्हणून त्याची किंमत फार थोडी. दुसरा प्रकार डिजिटल सहीचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा सहीला कायदेशीर मान्यता दिली आहे.

डिजिटल सहीचे कार्य थोडक्यात असे सांगता येईल. मूळ मजकुरावर एक गणिती क्रिया करून त्याचा एक छोटा अंकरूप ठसा काढला जातो. सही करणाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते. तिच्या साहाय्याने त्या ठशावर सहीची क्रिया होते. तिला जोडीची दुसरी किल्ली सर्वांस उपलब्ध असते, आणि तिच्या योगे कोणीही सही पडताळून पाहू शकतो. मजकुरातील एक तारीख जरी नंतर बदलली, तरी ठसा जुळत नाही व फेरफार उघडकीस येतो. ही किल्लीची जोडी अमुक एका व्यक्तीचीच आहे, याची ग्वाही परवानाधारक प्रमाणन संस्था देते आणि त्या संस्थांवर केंद्र सरकारच्या नियंत्रकाची देखरेख असते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. डिजिटल सहीने दोन गोष्टी सिद्ध होतात : सही कोणाची आहे आणि मजकूर नंतर बदललेला नाही. मजकूर सत्य आहे, हे मात्र तिने सिद्ध होत नाही. न तपासलेल्या रोग्याविषयीचा खोटा दाखला निर्दोष डिजिटल सहीनेही देता येतो. तंत्राने कागदाची बनावट थांबते. साक्षीची बनावट थांबविण्याचे काम माणसाच्या सचोटीचेच राहते.

दुरून काय सांगता येते

दाखल्यांत नमूद होणाऱ्या विधानांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग डॉक्टरच्या स्वतःच्या नोंदींवर आधारलेल्या विधानांचा. ‘हा रोगी माझ्याकडे अमुक तारखेपासून मधुमेहावर उपचार घेत आहे’ किंवा ‘याची शस्त्रक्रिया अमुक दिवशी झाली’ अशी ही विधाने असतात. डॉक्टरने रोग्यास पूर्वी तपासलेले असते. नोंदी त्याच्यासमोर असतात. असे पत्र ऑनलाइन देण्यात अडचण नाही. उलट रोग्याची एक फेरी वाचते.

दुसरा वर्ग सध्याच्या आजाराविषयीच्या विधानांचा. ताप, जुलाब, अंगदुखी, अर्धशिशी यांसारख्या तक्रारींत डॉक्टरचा बराचसा आधार रोग्याच्या सांगण्यावरच असतो, मग तो समोर असो वा दूर. येथे दुरून काहीच सांगता येत नाही असे नाही. पण जे सांगावयाचे ते मर्यादेत सांगितले पाहिजे. चित्रसंभाषणाने विचारपूस केली, रोग्याने अमुक तक्रारी सांगितल्या, त्यांवरून दोन-तीन दिवसांची विश्रांती योग्य वाटते आणि त्यानंतर प्रत्यक्ष तपासणी व्हावी, असे प्रामाणिकपणे लिहिता येते. विचारपूस दुरून झाली, हे दाखल्यात स्पष्ट लिहिणे हाच त्यातील सचोटीचा भाग. विश्रांतीचा काळ जसा वाढतो, तशी प्रत्यक्ष तपासणीची गरजही वाढते. गेलेल्या दिवसांविषयी, ज्या दिवसांत डॉक्टरने रोग्यास पाहिले वा ऐकलेच नाही, त्या दिवसांविषयी मात्र स्वतःच्या निरीक्षणाचा दावा कोणत्याही मार्गाने करता येणार नाही.

तिसरा वर्ग शरीराच्या मोजमापावर अवलंबून असलेल्या विधानांचा. वाहनपरवान्यासाठी लागणारा नमुना १-अ हे त्याचे चांगले उदाहरण होय. चाळीस वर्षांवरील अर्जदारास आणि प्रवासी वा मालवाहू वाहनाचा परवाना मागणाऱ्यास तो द्यावा लागतो. चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटर अंतरावरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी वाचता येते काय, रंग ओळखता येतात काय, ऐकू नीट येते काय, हात-पाय व सांधे कार्यक्षम आहेत काय, हे त्यात सांगावयाचे असते. आणि आपण स्वतः अर्जदाराची तपासणी केली, असे डॉक्टरला लिहून द्यावे लागते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर २५ मीटर मोजता येत नाहीत. रायपूरहून धमतरी किंवा दुर्गच्या रस्त्यावर रात्री मालमोटार चालविणाऱ्याची दृष्टी न तपासता दाखला दिला, तर त्याची किंमत रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला द्यावी लागते. याच वर्गात नोकरीपूर्वीची तपासणी, उंच पर्वतीय यात्रेसाठीचा दाखला आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र येते.

सिकलसेलचे उदाहरण

हे तिन्ही वर्ग एकाच रोगाच्या संदर्भात कसे येतात, ते पाहण्यासाठी सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचा विचार करू. छत्तीसगढ, विदर्भ आणि त्यांना लागून असलेल्या प्रदेशांत या रोगाचे प्रमाण बरेच आहे. रायपूरमध्ये या रोगासाठी स्वतंत्र संस्था आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. या रोगात लाल रक्तपेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्यास असह्य वेदना होतात. ताप, थंडी, अंगमेहनत किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांपैकी कोणत्याही कारणाने असा झटका येतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात रोगी वरवर निरोगी दिसतो, आणि म्हणून शाळेत व कामाच्या ठिकाणी तो ढोंगी ठरण्याची भीती असते. अशा मनुष्याला दाखल्याचा मोठाच आधार असतो.

रोग आहे की नाही, हे रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीनेच ठरते. ते काम दुरून होत नाही. एकदा निदान झाले आणि त्याची नोंद डॉक्टरपाशी राहिली, म्हणजे नंतरच्या झटक्याच्या वेळी परिस्थिती पालटते. गरियाबंदच्या एखाद्या गावातील मुलगी वेदनेने अंथरुणाला खिळलेली असताना, तिला ओळखणाऱ्या डॉक्टरने आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्याच्या साहाय्याने तिची विचारपूस करावी, आणि परीक्षेस ती का बसू शकली नाही याचे पत्र द्यावे, यात गैर काही नाही. त्या स्थितीत तिला बसमध्ये घालून रायपूरला नेणे हेच उलट धोक्याचे ठरेल.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र ही मात्र वेगळी गोष्ट. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया या रक्तदोषांचा समावेश झाला. यासाठीचा अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर करावयाचा असतो. त्यानंतर ठरलेल्या रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे प्रत्यक्ष तपासणी होते, अपंगत्वाची टक्केवारी निश्चित होते, आणि प्रमाणपत्र व ओळखपत्र पुन्हा ऑनलाइन मिळते. बऱ्याच सवलतींसाठी ही टक्केवारी किमान ४० असावी लागते. अर्ज दुरून, तपासणी समोर आणि कागद पुन्हा दुरून, अशी ही विभागणी समजून घेण्याजोगी आहे. ज्या टप्प्यावर मनुष्याची उपस्थिती अनावश्यक आहे तेथून ती काढून टाकली आहे आणि जेथे ती अपरिहार्य आहे तेथे राखली आहे.

अन्य देशांचा अनुभव

हा प्रश्न केवळ भारतापुढे आहे असे नाही. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरचा दाखला लागत नाही. कामगार स्वतःच लेखी निवेदन देतो. त्यापुढील काळासाठी २०१० पासून नव्या स्वरूपाचा दाखला रूढ झाला. कामगार काय करू शकत नाही एवढेच न सांगता, कोणत्या सवलती दिल्यास तो कामावर येऊ शकेल, हेही त्यात सांगता येते. एप्रिल २०२२ पासून त्यावर शाईची सही असण्याची अट उरली नाही. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मालकाला ही माहिती विमानिधीकडून थेट इलेक्ट्रॉनिक मार्गाने मिळू लागली. रोगाचे नाव मात्र मालकाला कळविले जात नाही. दूरध्वनीवरून दाखला देण्याची महामारीकाळातील सोय त्या देशाने डिसेंबर २०२३ मध्ये कायम केली. पण ती सौम्य आजारासाठी, डॉक्टरच्या ओळखीच्या रोग्यासाठी आणि जास्तीत जास्त पाच दिवसांपुरती.

या अनुभवातून दोन बोध घेता येतात. पहिला असा की किरकोळ आजाराच्या एक-दोन दिवसांसाठीही दाखला मागण्याचा हट्ट धरला, तर खोट्या दाखल्यांचा बाजार आपोआप उभा राहतो. सर्दीतापाने एक दिवस घरी राहिलेल्या कामगाराला डॉक्टरची गरज नसते. गरज असते ती फक्त कचेरीला. दुसरा बोध असा की दुरून दाखला देण्याच्या सोयीला काळाची आणि पूर्वओळखीची मर्यादा घालता येते, आणि अशा मर्यादेत ती सोय विश्वासार्ह राहू शकते.

गोपनीयतेचा प्रश्नही याच संदर्भात येतो. दाखल्यावर रोगाचे नाव लिहिले की ते कचेरीतील टेबलाटेबलांवरून फिरते. क्षयरोग, मानसिक विकार अथवा गर्भपात यांच्या बाबतीत त्याचे परिणाम रोग्याला दीर्घकाळ भोगावे लागतात. २००२ च्या विनियमांनी डॉक्टरवर गुप्ततेचे बंधन घातले आहे, आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. ऑनलाइन सेवेत ही माहिती डॉक्टरपाशीच न राहता सेवा चालविणाऱ्या संस्थेच्या संगणकावरही साठते, हे विसरून चालणार नाही.

नागरिकाने काय पाहावे

सामान्य नागरिकास पुढील गोष्टी सहज पडताळता येतात. दाखल्यावर डॉक्टरचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक आहे काय, हे प्रथम पाहावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत नाव ऑनलाइन शोधता येते. छत्तीसगढमधील डॉक्टरांची नोंदणी रायपूर येथील राज्य वैद्यकीय परिषदेकडे होते. डॉक्टरने स्वतः संभाषण केले काय, लक्षणे विचारली काय आणि नकार देण्यास तो मोकळा होता काय, हे त्यानंतर पाहावे. केवळ नाव, तारखा आणि पैसे मागणारी व मागील तारखेचा दाखला देऊ करणारी सेवा सरळ टाळावी. दाखल्यावरील तारीख ती दिल्याच्या दिवसाचीच असावी. पैशांची पावती आणि दाखल्याची प्रत जपून ठेवावी.

ज्या कार्यालयात दाखला द्यावयाचा त्याचे नियमही आधी जाणून घेतले पाहिजेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९७२ च्या रजा नियमांनुसार दाखल्यात आजाराचे स्वरूप व संभाव्य कालावधी स्पष्ट असावा लागतो. अधिकारी दुसऱ्या डॉक्टरचे मत मागवू शकतो. आणि केवळ दाखला हाती असल्याने रजेचा हक्क प्राप्त होत नाही. वैद्यकीय रजेवरून परतताना प्रकृती ठीक असल्याचा दाखलाही द्यावा लागतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो. पण त्यासाठी योजनेच्या स्वतःच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. उरला किंवा सिलतरा येथील विमाधारक कामगाराने अन्य कोणत्या सेवेकडून दाखला विकत घेतला, तर पैसे जातील आणि लाभही पदरात पडणार नाही.

खोट्या दाखल्याने नुकसान कोणाचे होते, याचा शेवटी विचार केला पाहिजे. वरवर पाहता एका कामगाराला एक रजा मिळाली, यापलीकडे त्यात काही घडलेले दिसत नाही. परंतु असे दाखले वाढले की कचेऱ्या प्रत्येकच दाखल्याकडे संशयाने पाहू लागतात. दुसऱ्या मताची, मोठ्या रुग्णालयाच्या शिक्क्याची, प्रत्यक्ष हजर होण्याची अट घालतात. त्या अटींचा भार लबाडावर पडत नाही, कारण त्याला पळवाट ठाऊक असते. तो पडतो खऱ्या रोग्यावर, आणि त्यातही जो दूर राहतो, ज्याच्यापाशी गाडीभाड्याला पैसे नाहीत, ज्याचा आजार बाहेरून दिसत नाही, अशा रोग्यावर. दूरस्थ सेवा ज्याच्यासाठी निर्माण झाली, त्याच्याच वाट्याची ती सोय अशा रीतीने हिरावली जाते. म्हणून दुरून दाखला देणाऱ्या डॉक्टरने आपण काय पाहिले व काय पाहिले नाही हे स्वच्छ लिहिणे, आणि तो स्वीकारणाऱ्या कार्यालयाने अशा प्रामाणिक दाखल्याचा मान राखणे, या दोन्ही गोष्टी बस्तरच्या त्या दूरच्या रोग्याच्या हिताच्या आहेत.